सही कुणाची? मदतीची सूत्रं स्थानिक संस्थेच्या हाती देताना

मदतकार्यातल्या माझ्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं मी नाकारण्याचं काम केलं. एका मोठ्या संस्थेच्या हिशेब विभागात बसायचं, स्थानिक संस्थांकडून आलेली व्हाउचरं तपासायची आणि नियमात बसत नाहीत ती लाल शाईत शेरा मारून परत पाठवायची. एकदा पुरानंतरच्या कामाची फाईल आली. त्यात होडीभाड्याची अकरा व्हाउचरं होती आणि पावती एकालाही नव्हती. होडीवाल्याला लिहिता येत नव्हतं. मग तिथल्या संस्थेच्या चिटणीस बाईंनी एका शंभरपानी वहीत प्रत्येक फेरी लिहून ठेवली होती. तारीख, माणसं किती, कुठे उतरवली, खाली होडीवाल्याचा अंगठा आणि त्याच्या दोन बाजूंना नदीच्या दोन काठांवरच्या एकेका साक्षीदाराची सही. आमच्या नियमात छापील पावती लागत होती. मी अकराच्या अकरा परत पाठवली.

सहा महिन्यांनी प्रत्यक्ष तिथे गेले तेव्हा कळलं की त्या दोन काठांवरच्या वस्त्यांमध्ये दोन वर्षं बोलणं बंद होतं. आधी मारामारी, मग जाळपोळ, त्यात दोन्हीकडची माणसं गेलेली. दोन काठांवरचे दोन साक्षीदार ही अट बाईंनी मुद्दाम घातली होती. सहीपुरतं का होईना, रोज दोघांनी एका वहीवर वाकावं. त्या वर्षी त्या भागात शांततेसाठी जे काही खरोखर चाललं होतं ते त्या अकरा कागदांवर होतं आणि मी त्यावर ‘अमान्य’ लिहिलं होतं.

पुढे जे लिहिते आहे ते मुख्यतः माझ्यासारख्यांसाठी आहे. म्हणजे देणगीदाराचा पैसा ज्यांच्या हातातून पुढे जातो आणि ज्यांना अधूनमधून मनापासून वाटतं की सूत्रं स्थानिकांकडे द्यावीत, त्यांच्यासाठी. स्थानिक संस्थांसाठीही एक भाग आहे, तो शेवटाकडे. तेवढाच वाचलात तरी चालेल.

आधी एक कागद घ्या

सूत्रं कुणाकडे आहेत हे भाषणांवरून कळत नाही, निर्णयांवरून कळतं. तुमचा मागचा प्रकल्प काढा आणि त्यात घेतले गेलेले निर्णय एकाखाली एक लिहा. कुठल्या वस्त्या घ्यायच्या, यादीत कोण, माणसं कोण नेमणार, पगार किती, एका खात्यातला पैसा दुसरीकडे वळवायचा का, काम थांबवायचं का, देणगीदाराशी कोण बोलणार. प्रत्येक ओळीपुढे निर्णय कुणी घेतला ते लिहा. सल्ला कुणी दिला ते लिहू नका. सल्ला सगळेच घेतात.

मी हे आमच्याच एका प्रकल्पावर केलं. तेवीस निर्णय निघाले. स्थानिक संस्थेचं नाव तीन ओळींपुढे आलं: गाडी कुठली भाड्याने घ्यायची, बैठक कुठे भरवायची आणि बॅनर कुठे लावायचा. अहवालात आम्ही त्याला ‘स्थानिक नेतृत्वाखालील उपक्रम’ म्हटलं होतं.

हे आमच्यापुरतं नव्हतं. मे २०१६ मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी शिखर परिषद झाली. तिथे मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा समझोता केला आणि त्यात एक आकडा ठरला: २०२० पर्यंत मदतनिधीतला किमान २५ टक्के पैसा ‘शक्य तितका थेट’ स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे जाईल. सगळी गंमत ‘शक्य तितका’ या दोन शब्दांत आहे. खरोखर थेट जाणारा वाटा ती मुदत उलटून गेल्यावरही पाच टक्क्यांच्या आतच घुटमळत राहिला. याला दुष्टपणा कारण नाही. देणगीदार देशांच्या कार्यालयांत माणसं कमी असतात, शंभर लहान करार सांभाळण्यापेक्षा एक मोठा करार त्यांना सोपा पडतो. काहींचे कायदेच आड येतात. युरोपीय संघाचा मदतनिधी बाहेरच्या देशातल्या स्थानिक संस्थेला सहसा थेट मिळतच नाही. तेव्हा मध्ये कुणीतरी लागतं. तो मधला म्हणजे तुम्ही. वरचे नियम बदलेपर्यंत तुमच्या टेबलावर काय बदलता येईल, एवढाच या लेखाचा आवाका.

काय आहे ते पाहा, मगच काय हवं ते ठरवा

नव्या ठिकाणी पोहोचल्यावर आपली सवय असते नोंदणीकृत संस्थांची यादी मागवायची. यादी मिळते, त्यातल्या ज्यांना चांगलं प्रपोजल लिहिता येतं ते निवडले जातात आणि पहिल्याच आठवड्यात चूक होते. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. संकटाच्या पहिल्या तीन दिवसांत कुणी काय केलं? रात्री काही झालं तर तुम्ही फोन कुणाला करता? आणि दोन्ही बाजूंना न भिता कोण जाऊ शकतं? हे पाणवठ्यावर विचारा, दवाखान्याच्या रांगेत विचारा, शाळेच्या शिपायाला विचारा. एकाच माणसाला तिन्ही प्रश्न विचारू नका. तिसऱ्या दिवशी तीच ती चार-पाच नावं पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागतात. त्यातली निम्मी कुठल्याही यादीत नसतात.

ईशान्य केनियातल्या वजीरची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, कारण तिथे ‘प्रकल्प’ असा नव्हताच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दुष्काळ होता आणि सोमाली कुळांमध्ये रक्तपात चालू होता. भांडण बाजारातही उतरलं होतं, एका कुळातल्या बायका दुसऱ्या कुळातल्या बायकांशी व्यवहार करेनात. १९९३ मध्ये काही बायका एकत्र आल्या, डेका इब्राहिम अब्दी त्यांतली एक. त्यांनी शांतता परिषद वगैरे भरवली नाही. बाजार सगळ्यांना खुला राहिला पाहिजे, एवढंच लक्ष्य धरलं आणि कुठे अडवाअडवी होते यावर नजर ठेवायला आपल्यातल्याच बायका नेमल्या. बाजार चालायला लागल्यावर त्या कुळांच्या ज्येष्ठांकडे गेल्या, मग तरुणांकडे, मग सरकारी अधिकाऱ्यांकडे. त्याच वर्षी ज्येष्ठांनी ‘अल-फतह’ या शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. १९९५ मध्ये ही सगळी खटपट जिल्ह्याच्या विकास समितीच्या चौकटीत आली. अब्दींना पुढे २००७ मध्ये ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला, पण तोवर चौदा वर्षं होऊन गेली होती.

यातला क्रम बघा. बाजार, मग ज्येष्ठ, मग तरुण, मग सरकार. बाहेरून आलेल्या संस्थेने हेच काम बरोबर उलट्या टोकाने सुरू केलं असतं, अधिकाऱ्याच्या हस्ते उद्घाटन करून.

वस्ती फिरताना जवळ एक वही ठेवा आणि पानाचे दोन भाग करा. एकीकडे माणसांना तोडणाऱ्या गोष्टी, दुसरीकडे जोडणाऱ्या. ‘डू नो हार्म’, म्हणजे मदतीने नुकसान करू नका, या नावाने ही पद्धत या क्षेत्रात जुनी आहे. बहुतेकांचं तोडणारं पान भरतं आणि जोडणारं कोरं राहतं. ते कोरं राहिलं तर समजा तुम्ही अजून पुरेसं फिरलेला नाहीत. दोन्ही बाजू वापरतात असा पूल, दोन्हीकडे बाळंतपणं करणारी दाई, एकच पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, एकाच इयत्तेत बसलेली मुलं, काहीतरी असतंच. मग आपली मदत यातल्या कशावर पडते ते तपासा. एका काठाला नवा पंप दिला की दुसऱ्या काठाशी असलेलं पाण्यापुरतं नातंही संपतं. आम्ही हे केलं आहे. पंप उत्तम होता.

पैसा: इथे थांबून वाचा

नेतृत्व देण्याच्या चर्चेत ‘क्षमता बांधणी’ हा शब्द फार येतो. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा क्षमता असते, पैसा येण्याची रीत तिला मारते.

पहिली गोष्ट आगाऊ रकमेची. ‘आधी खर्च करा, मग आम्ही भरून देऊ’ ही अट लहान संस्थेला कर्जात ढकलते. चिटणीस बाईंनी होडीचं भाडं स्वतःच्या भावाकडून उसनं घेऊन भरलं होतं, ते मी परत पाठवलेल्या फाईलमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं. पहिला हप्ता कराराच्या सहीबरोबर द्या. दुसरा हप्ता पहिल्यातला मोठा भाग खर्च झाला की सोडा, शेवटच्या पावतीची वाट बघत बसू नका. आणि हप्ता तुमच्याकडून उशिरा गेला तर मुदत आपोआप तितकी पुढे सरकेल, हे करारात लिहा. एरवी उशीर तुमचा आणि ‘कामात दिरंगाई’ हा शेरा त्यांचा.

दुसरी गोष्ट प्रशासकीय खर्चाची, ज्याला सगळे ओव्हरहेड म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत साधारण ७ टक्के हा नेहमीचा दर आहे. शंभर आले की सात आपण ठेवतो: कार्यालय, हिशेबनीस, वीज, ऑडिट. उरलेल्या त्र्याण्णवातून पुढे स्थानिक संस्थेला जे जातं त्यात तिच्या कार्यालयाच्या भाड्याला अनेकदा शून्य असतं. मग वर्षाअखेरीस आपणच मूल्यांकनात लिहितो, ‘संस्थेचा हिशेब विभाग कमकुवत.’ कमकुवत कसला, तो विभाग म्हणजे एक अर्धवेळ मुलगा होता आणि त्याला पगार कुठल्या खात्यातून द्यायचा हे आम्ही सांगितलं नव्हतं. तेव्हा जो टक्का तुम्हाला मिळतो तोच त्यांच्या हिश्शावर त्यांना द्या. देणगीदार नाही म्हणाला तर तुमच्या सातातून द्या. तुमच्या संचालक मंडळाला हे आवडणार नाही, आमच्या मंडळालाही आवडलं नव्हतं. पण निर्णय दोन बैठकांत झाला, कारण मी ते दोन आकडे शेजारी शेजारी छापून टेबलावर ठेवले आणि गप्प बसले.

तिसरी, खात्यांतली लवचीकता. एका खात्यातून दुसऱ्यात ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम न विचारता वळवता आली पाहिजे. नुसतं कळवलं की झालं. दंगल होईल असं वाटणाऱ्या संध्याकाळी वह्या-पेनांचा पैसा गाडीभाड्याला वापरायचा तर त्यासाठी ईमेलच्या उत्तराची वाट पाहता येत नाही.

आणि पावत्या. पर्यायी पुरावा काय चालेल हे काम सुरू होण्याआधी ठरवा आणि कराराला जोडपत्र म्हणून लावा. हाताने लिहिलेली नोंद, अंगठा, दोन साक्षीदार, फोटो. रकमेची मर्यादा घाला. ऑडिटरला आधीच दाखवा. ऑडिटरला नियम लेखी लागतो. तो कुठला असावा याबद्दल त्याचा बहुतेक वेळा काहीच आग्रह नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

संस्थेची पडताळणीही एकदाच व्हावी. एकाच संस्थेने सहा देणगीदारांसाठी सहा वेगवेगळ्या साच्यांत तेच सहा दस्तऐवज भरलेले मी पाहिले आहेत. दुसऱ्या कुणी केलेली पडताळणी उपलब्ध असेल तर ती मागून घ्या आणि उरलेले चार प्रश्नच विचारा.

नोंदणीच नसलेल्या गटांचं काय? हा प्रश्न सुदानने सगळ्यांसमोर आणून ठेवला. १५ एप्रिल २०२३ ला तिथे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं, खार्तूममधून परदेशी संस्था बाहेर पडल्या आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’, म्हणजे स्वयंसेवकांचे मदतगट, उभ्या राहिल्या. २०१८-१९ च्या सरकारविरोधी आंदोलनातल्या प्रतिकार समित्यांमधून आलेले तरुण, शेजारपाजारचे डॉक्टर, घरातल्या बायका. सामुदायिक स्वयंपाकघरं, दवाखाने, माणसांना सुरक्षित जागी हलवणं, सगळं यांनीच केलं. पैसा मोबाइलच्या बँकिंग अॅपवरून यायचा, बराचसा परदेशी गेलेल्या नातेवाइकांकडून. यांची नोंदणी कुणाकडे करणार? कुठल्याही एका बाजूच्या कार्यालयात नाव घातलं तरी दुसऱ्या बाजूच्या लेखी ते शत्रू. हळूहळू काही निधींनी वाट काढली. नोंदणी असलेली एखादी राष्ट्रीय संस्था पैसा स्वीकारते, छोट्या छोट्या रकमा गटांना देते, गट साध्या अर्जावर हिशेब देतात. २०२५ मध्ये या गटांना राइट लाइव्हलिहुड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेची मदत एकाएकी थांबल्यावर त्यांची शेकडो स्वयंपाकघरं बंदही पडली होती.

यातून दोन धडे माझ्या कामात आले. लहान रकमा लहान अर्जावर द्या. एका पानात मावेल तेवढंच विचारा: काय करणार, कुणासाठी, किती, कोण दोघं-तिघं जबाबदार, वस्तीला हिशेब कुठे सांगणार. आणि एका देणगीदारावर कुणालाही लटकवून ठेवू नका. दुसऱ्या देणगीदाराची ओळख करून देणं हे तुमच्या कामाच्या यादीत असू द्या, मग त्यात तुमचा वाटा कमी झाला तरी.

शांततेच्या कामाला मदतकामाचा साचा लावू नका

ताडपत्र्या किती वाटल्या ते मोजता येतं. न पेटलेली घरं कशी मोजणार? माझ्यासारख्या माणसाला इथे फार त्रास होतो.

सोमालियापासून वेगळं झाल्याचं जाहीर केलेल्या सोमालीलँडमध्ये १९९३ ला बोरामा गावात कुळांचे ज्येष्ठ जमले ते जवळपास चार महिने बसले. खर्चाचा मोठा भार यजमान वस्तीने आणि स्थानिक लोकांनी उचलला. तिथून शासनाची चौकट निघाली, ज्येष्ठांचं सभागृह निघालं. तुमच्या प्रकल्पात ‘दोन दिवसांची शांतता कार्यशाळा’ असेल तर हा काळ आठवा. बैठका फिसकटतील, त्यांचाही खर्च मंजूर ठेवा. ‘बैठक झाली, निष्पन्न काही नाही’ अशी नोंद स्वीकारण्याची तुमची तयारी असली पाहिजे, नाहीतर लोक निष्पन्न काहीतरी लिहितील.

बोधचिन्हं काढून टाका. बॅनर, टोप्या, गाडीवरचे स्टिकर, सगळं. दोन्ही बाजूंना जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर परदेशी संस्थेचं नाव छापलं की तो कुणाचा तरी माणूस ठरतो. देणगीदाराला फोटो हवा असेल तर रिकाम्या खोलीचा द्या. मी एकदा खरंच दिला होता: गोल मांडलेल्या खुर्च्या, माणूस एकही नाही. त्यांनी तो छापला.

मोजायचंच असेल तर काय मोजायचं ते वस्तीला विचारा. नदीकाठी आम्ही विचारलं, ‘सगळं ठीक झालंय हे तुम्हाला कशावरून कळेल?’ एक म्हातारे म्हणाले, दिवे लागल्यानंतर पलीकडच्या काठाची होडी इकडे लागली तर. एक मुलगी म्हणाली, मला शाळेला लांबच्या रस्त्याने जावं लागलं नाही तर. आम्ही तेच दोन निर्देशक लिहिले. दर महिन्याला अंधारानंतरच्या होड्या मोजणं हे त्या अर्धवेळ मुलाच्या कामात आलं. पहिले चार महिने आकडा शून्य होता. पाचव्या महिन्यात दोन.

अफवांचं एक वेगळं यंत्र लागतं आणि ते स्वस्त असतं. दोन्ही बाजूंच्या पाच-पाच विश्वासू माणसांची जोडी लावा, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला थेट फोन करायचा आणि ऐकलेलं खरं आहे का ते विचारायचं. फोनचा रिचार्ज प्रकल्पातून. यांची नावं अहवालात लिहायची नाहीत, तुमच्या मुख्य कार्यालयालाही द्यायची नाहीत. मला ती माहीत नाहीत, आणि ते बरं आहे.

बोलावणं कुणाला जातं त्याकडे लक्ष द्या. २००३ मध्ये लायबेरियातलं यादवी युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी घानामध्ये आक्रा इथे चालल्या होत्या, तेव्हा तिथल्या शांतता कार्यकर्त्या लीमा बोवी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका सभागृहाच्या दाराशी ठाण मांडून बसल्या: करार केल्याशिवाय कुणीही बाहेर पडायचं नाही. करार त्याच ऑगस्टमध्ये झाला. आतल्या टेबलाभोवती मुख्यतः बंदूकवाले आणि राजकारणी होते. तुमच्या बैठकीत दाराशी कोण बसलंय ते बघा आणि पुढच्या वेळी खुर्ची त्यांना द्या.

स्थानिक म्हणजे सोवळं नव्हे

वरचं वाचून कुणाला वाटेल की स्थानिक संस्थेच्या हाती दिलं की सगळं आपोआप नीट होतं. एका वस्तीत आम्ही लाभार्थी यादी पूर्णपणे स्थानिक समितीकडे दिली. समितीचा अध्यक्ष भांडणातल्या एका बाजूचा होता आणि हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, आम्ही सोडून. पलीकडच्या गल्लीतली चाळीस घरं यादीतून गळाली. वाटपाच्या दिवशी दगड पडले. यात चूक आमचीच होती. अध्यक्ष वागला तसाच वागणार होता.

तेव्हापासून एक रीत पाळते. यादी वाटपाच्या आधी उघड्यावर मोठ्याने वाचायची, दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या जागी. भिंतीवर चिकटवून भागत नाही, वाचता न येणारेच बहुतेकदा गळलेले असतात. आणि वाचणारा माणूस यादी करणारा नसावा. पहिल्या वाचनाला गोंधळ होतो, होऊ द्या. त्या गोंधळातच चुका दुरुस्त होतात आणि दुसऱ्या वाचनाला माणसं कंटाळून निघून जातात, ते उत्तम लक्षण. तक्रारीसाठी पेटी ठेवू नका, त्यात चॉकलेटचे कागद निघतात. दोन्ही बाजूंना चालेल असा एक माणूस आणि एक फोन नंबर ठेवा.

अशा चुकीनंतर सूत्रं परत आपल्याकडे खेचण्याचा मोह होतो. आमच्या कार्यालयात त्या दगडफेकीनंतर दुसऱ्याच दिवशी तसा मसुदा तयार होता. मुख्य कार्यालयाने केलेल्या चुकांनंतर मुख्य कार्यालय बंद झाल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही.

धोक्याबद्दल थोडक्यात, पण हे टाळू नका. जगभरात दरवर्षी मारल्या जाणाऱ्या मदत कार्यकर्त्यांमध्ये बहुसंख्य त्याच देशातले असतात. विमा, उपचार, सुरक्षित जागी हलवण्याची सोय आणि नंतरचं समुपदेशन त्यांच्या करारात तुमच्याइतकंच असलं पाहिजे. जोखीम पुढे सरकवली आणि विमा मागे ठेवला तर त्याला नेतृत्व देणं म्हणू नये.

स्थानिक संस्थांनो, सही करण्याआधी

करार आला की आधी शेवटची पानं वाचा, तुम्हाला बांधणाऱ्या अटी तिथे असतात. मधल्या संस्थेला विचारा की देणगीदाराकडून त्यांना प्रशासकीय खर्चाचा किती टक्का मिळतो आणि त्यातला तुम्हाला किती. सांगायला कचरले तर उत्तर मिळालंच. विनिमय दर घसरला तर तोटा कुणाचा, ते विचारा. देणगीदाराच्या भेटीच्या वेळी तुम्ही बोलणार की ते, हे लिहून घ्या. अहवाल तुमच्या भाषेत चालेल का विचारा, भाषांतराचा खर्च त्यांचा. आणि काम थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे का? वस्तीत तणाव वाढला म्हणून वाटप आठवडाभर पुढे ढकललं तर दंड होणार असेल, तर तो करार तुम्हाला आपल्याच लोकांविरुद्ध उभं करू शकतो. नाही म्हणता येतं. चांगल्या संस्था नाही म्हणणाऱ्यांना लक्षात ठेवतात, बाकीच्या रागावतात.

निघण्याची तयारी पहिल्या दिवशी

२००४ च्या त्सुनामीनंतर अनेक संस्थांनी मिळून मदतीचं मोठं मूल्यमापन केलं. त्यात २००६ मध्येच लिहिलं गेलं की पहिले जीव वाचवले ते स्थानिकांनी आणि बाहेरून आलेल्यांनी त्यांच्या संस्थांना अनेकदा बाजूला सारलं, त्यांची माणसंही पळवली. माणसं पळवणं अजून चालू आहे. तुमचा पगार तिप्पट असतो, स्थानिक संस्थेचा सर्वांत हुशार माणूस तुमच्याकडे अर्ज करणारच. अर्ज आला तर तुमच्या मनुष्यबळ विभागाने आधी त्या संस्थेला फोन करावा, आणि घेतलंच तर नवा माणूस तयार करण्याचा खर्च त्यांना द्यावा. ‘चार्टर फॉर चेंज’ या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या वचननाम्यावर सह्या केलेल्या संस्थांनी २०१५ पासून याची जबाबदारी मान्य केलेली आहे. तुमची संस्था त्यात असेल तर तो कागद शोधून काढा, बहुतेक ठिकाणी कुणी वाचलेला नसतो.

सुरुवातीच्या त्या निर्णयांच्या कागदावर दर सहा महिन्यांनी किती ओळी सरकल्या ते बघा. सगळ्या एकदम सरकवू नका, समोरच्याला विचारून क्रम लावा. आम्हाला वाटलं होतं त्यांना आधी नेमणुका हव्या असतील. त्यांना आधी हवा होता देणगीदाराशी थेट बोलण्याचा अधिकार, बाकीचं मग आम्ही बघतो, चिटणीस बाई म्हणाल्या.

त्या भागातला माझा शेवटचा करार गेल्या वर्षी झाला. जोडपत्र ‘अ’ म्हणून त्याला त्यांच्या वहीचं एक पान लावलं आहे: तारीख, माणसं, ठिकाण, अंगठा, अलीकडचा साक्षीदार, पलीकडचा साक्षीदार. मसुदा पाठवताना मी सवयीने शेवटी एक रकाना वाढवला होता, ‘पडताळणी अधिकाऱ्याची सही’. पान आठ दिवसांनी परत आलं. तो रकाना लाल शाईने खोडलेला होता आणि बाजूला बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मॅडम, हे अधिकारी रात्री होडीवर असतात का?’